जपानी ताटातले मीठ

दर महिन्याला रक्तदाब तपासून घ्यायला माझ्याकडे एक गृहस्थ येतात. वय सेहेचाळीस, मूळचे खेड तालुक्यातले, चाकणच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर. गोळी वेळेवर घेतात, तंबाखू सोडून चार वर्षे झाली, सुट्टीच्या दिवशीही सकाळी चालायला जातात. त्यांचा रक्तदाब वर्षभर १३०-८४ च्या आसपास असायचा. मागच्या खेपेला मात्र तो १६४-१०२ भरला. दहा मिनिटे शांत बसवून दोन्ही हातांवर पुन्हा मोजला, तरी फारसा फरक पडला नाही. संध्याकाळी बूट घट्ट होतात, असेही ते म्हणाले.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. गोळी चुकली का? नाही. सर्दीची किंवा अंगदुखीची काही औषधे? नाही. बाहेरचे खाणे?

"डॉक्टर, उलट या महिन्यात तेलकट काहीच पोटात गेलेले नाही," ते उत्साहाने म्हणाले. "नवीन मशीन बसवायला जपानहून दोन इंजिनिअर आलेत. त्यांच्या रात्रीच्या जेवणाची जबाबदारी साहेबांनी माझ्यावर टाकलीय. आठवड्यातून चार-पाच वेळा जपानी हॉटेलातच जेवतो. ना तेल, ना तिखट, ना मसाला. सगळे उकडलेले, नाहीतर कच्चे. हे लोक शंभर वर्षे जगतात ते उगीच नाही!"

मी गोळी वाढवली नाही. लघवीची व मूत्रपिंडाची तपासणी आणि हृदयाचा आलेख काढायला सांगितला. तिन्ही ठीक आले. मग म्हणालो, "तुमचे ते हॉटेल मला एकदा दाखवा." रोग्याच्या ताटात काय पडते, हे डॉक्टराने ऐकण्यापेक्षा पाहिलेले बरे.

सहा टेबलांचे हॉटेल

चाकण, तळेगाव, भोसरी या पट्ट्यात परदेशी माणसांचे आता कुणाला अप्रूप राहिलेले नाही. चाकणला ब्रिजस्टोनसारख्या जपानी कंपनीचा टायरचा कारखाना आहे आणि जपानी, कोरियन, जर्मन यंत्रांवर हजारो मराठी मुले काम करतात. पुण्यात जपानी भाषा शिकण्याची परंपरा तर जुनी आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान हेही जपानमधल्या ओकायामा शहराच्या मैत्रीची खूण आहे. इथे येऊन राहणाऱ्या जपानी माणसाला घरच्या चवीचे अन्न लागणारच, आणि त्यासाठी लहान लहान जपानी हॉटेले निघाली. तिथे आता आपलीही माणसे जाऊ लागली आहेत.

एका रविवारी संध्याकाळी हे गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि मी असे तिघे निघालो. तळेगाव चौकातल्या वाहनांच्या रांगेत पाऊण तास काढून पोचलो तेव्हा भूक चांगलीच लागली होती. हॉटेल अगदी लहान. सहा टेबले, एका बाजूला लाकडी ओटा, त्यामागे काम करणारा नेपाळी आचारी. दार उघडताच आचाऱ्यापासून भांडी पुसणाऱ्या मुलापर्यंत सर्वांनी एका सुरात "इराश्शाइमासे" म्हटले. म्हणजे "या, बसा". बसल्याबरोबर गरम पाण्यात पिळलेला एकेक छोटा टॉवेल हातावर आला. जेवणाआधी हात पुसायची ही पद्धत मला डॉक्टर म्हणून फार आवडली. तरीही साबणाने हात धुण्याची बरोबरी टॉवेलला येत नाही, म्हणून मी उठून धुऊन आलो.

वाढणारा मुलगा मावळातला होता. पुण्याला वर्गाला जाऊन जपानी शिकला होता. हाक मारावी लागत नव्हती. पेला अर्धा झाला की चहा भरला जाई. हा चहा हिरवा, बिनसाखरेचा. पदार्थ एका मोठ्या ताटात न येता लहान लहान वाट्यांत आले. एका वाडग्यात भात, एकात मिसोचे सूप, बशीत भाजलेला बांगडा, एका वाटीत पालकाची उकडलेली भाजी, एकात मुळ्याचे लोणचे. प्रत्येक वाटीत चार-पाच घास, त्याहून जास्त नाही. जेवायच्या आधी जपानी माणूस हात जोडून "इतादाकिमास" म्हणतो. ज्याने पिकवले, ज्याने रांधले त्या सर्वांकडून हे अन्न मी नम्रपणे घेतो, असा त्याचा भाव. जेवणाआधी श्लोक म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मला तो परका वाटला नाही.

"रस्सा कशाचा आहे?"

वहिनींच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांनी भाजीचे जेवण मागवले होते. सूप आले तेव्हा त्यात टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर आणि समुद्रातली हिरवी पाने तरंगत होती. त्या पेला उचलणार तेवढ्यात मी मुलाला विचारले, "बाळा, याचा रस्सा कशाचा आहे?"

तो क्षणभर थांबला, आत जाऊन आचाऱ्याला विचारून आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सर, दाशी माशाची आहे. मी आधीच सांगायला हवे होते." त्याने सूप लगेच उचलून नेले.

हे मुद्दाम लिहितो, कारण देहू-आळंदीच्या या परिसरात माळकरी कुटुंबे घरोघर आहेत. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पायाच. वाळवून, धुरावून लाकडासारख्या कडक केलेल्या माशाचा कीस आणि कोन्बू नावाचे समुद्री शेवाळ गरम पाण्यात ठेवून ही दाशी काढतात. मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, तेम्पुरा नावाच्या भज्यांसोबतचे पातळ तोंडीलावणे, या सगळ्यांत ती असते. वर मासा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. नुसत्या कोन्बूची आणि वाळलेल्या शिताके अळंबीची दाशीही असते. तिकडच्या बौद्ध मठांतला स्वयंपाक तिच्यावरच चालतो. पण ती मागावी लागते.

वहिनी जरा गप्प झाल्या. मागे एकदा नवऱ्यासोबत आल्या होत्या तेव्हा त्यांनी हेच सूप घेतले होते. मी म्हटले, "अजाणता झाले, मनाला लावून घेऊ नका." आचारी स्वतः बाहेर आला. "आदल्या दिवशी फोन करा, वेगळी दाशी करून ठेवीन," म्हणाला आणि त्यांच्यासाठी भाज्यांची भजी मीठ-लिंबाबरोबर पाठवली. चूक झाल्यावर सबबी न सांगता ती सुधारणे, ही सेवा मला गरम टॉवेलापेक्षा मोलाची वाटली.

हिशेब मांडला तेव्हा

आता आमच्या गृहस्थांकडे वळू. त्यांच्यासमोर सुशी आली. आंबटगोड भाताच्या लहान मुटक्यावर माशाचा काप ठेवलेला असतो, ती सुशी. त्यांनी शेजारची छोटी बशी सोया सॉसने काठोकाठ भरली आणि प्रत्येक मुटका भाताच्या बाजूने त्यात बुडवू लागले. भात तो सॉस टिपकागदासारखा शोषून घेत होता. बशी रिकामी झाली की पुन्हा भरत. मधून मधून सूप पीत. लोणच्याची वाटी दोनदा मागवली. कारण मला समोरच दिसत होते.

सोया सॉस म्हणजे सोयाबीन आणि गहू मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने आंबवून काढलेला रस. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, सुमारे सव्वादोन ते अडीच ग्रॅम मीठ असते. मिसो म्हणजे सोयाबीनचा आंबवलेला खारट गोळा. त्याच्या एका वाटी सूपमध्ये सुमारे सव्वा ते दीड ग्रॅम मीठ. लोणच्याचे अर्धा-एक ग्रॅम धरा. दोन चमचे सॉस, एक सूप आणि लोणचे मिळून सात ग्रॅमच्या आसपास मीठ एका जेवणात पोटात गेले. रामेन म्हणजे नूडल्सचा वाडगा घेतला आणि सगळा रस्सा पिऊन टाकला, तर एका वाडग्यातच पाच-सहा ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहूनही कमी मीठ खावे. सकाळचे पोहे आणि दुपारच्या कँटीनमधली आमटी, लोणचे, पापड यांचा हिशेब तर अजून व्हायचाच आहे.

"पण खारट लागत नाही हो!" ते म्हणाले. खरे आहे. सॉसमध्ये आणि दाशीत मिठाशिवाय आणखी एक चव असते. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोन्बूमधून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. ही चव आणि भातातली साखर यांच्याआड खारटपणा लपतो. जीभ फसली तरी मूत्रपिंडे फसत नाहीत.

रक्तात मीठ वाढले की शरीर त्याच्याबरोबर पाणी धरून ठेवते. नळ्या तेवढ्याच आणि पाणी जास्त, त्यामुळे दाब वाढतो. पाय सुजतात, बूट घट्ट होतात. रक्तदाबावरच्या काही गोळ्या लघवीवाटे मीठ बाहेर टाकूनच काम करतात. वरून मीठ ओतत राहिले तर गोळी बिचारी काय करणार? औषध लागू पडत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांची खरी अडचण ताटात असते.

जपानने स्वतःला कसे सावरले

"मग ते एवढे जगतात कसे?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. जपानी माणूस या मिठामुळे दीर्घायुषी झालेला नाही. ते कमी केल्यामुळे त्याचे आयुष्य वाढले.

१९५१ पासून १९८० पर्यंत जपानमध्ये मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात, हे होते. ईशान्येकडच्या अकितासारख्या बर्फाळ भागात हिवाळाभर खारवलेले मासे, खारवलेल्या भाज्या आणि दिवसातून अनेकदा मिसो सूप हा आहार असे. १९५० च्या दशकात तिथे काही ठिकाणी माणशी रोजचे मीठ पंचवीस ग्रॅमच्या घरात होते. तेल-तूप जवळजवळ नाही, माणसे सडसडीत, कष्टाळू. तरी चाळिशी-पन्नाशीतच लुळी पडत.

मग सरकार, डॉक्टर आणि गावकरी कामाला लागले. गावोगाव रक्तदाब मोजला गेला, औषधे पोचली. घरात शीतकपाट आले तशी खारवून ठेवण्याची गरज कमी झाली. नागानो नावाच्या डोंगराळ प्रांतात तर आपल्याकडच्या आशाताईंसारख्या स्वयंसेविका घरोघर जाऊन सूपमधले मीठ मोजत आणि सूप पातळ करा, भाज्या वाढवा, असे सांगत. देशभराचा विचार केला तर १९७५ मध्ये माणशी रोज सुमारे साडेतेरा ग्रॅम मीठ खाल्ले जात होते. २०१९ मध्ये ते दहा ग्रॅमच्या आसपास आले. पक्षाघाताचे मृत्यू खूपच घटले. आणि तो नागानो प्रांत २०१० च्या आकडेवारीत स्त्री-पुरुष दोघांच्याही आयुर्मानात जपानमध्ये पहिला आला. दहा ग्रॅम हेही जास्तच आहे आणि तिथले डॉक्टर अजून त्यासाठी झटत आहेत.

आपण भारतीयही मागे नाही. आपले सरासरी मीठ रोजचे आठ ग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. जपानी जेवणाने आपल्या मिठात भर पडते, वजाबाकी होत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

घ्यावे काय, सोडावे काय

मग या हॉटेलात जाऊच नये का? जरूर जावे. त्या रात्री मी स्वतः पोटभर आणि आनंदाने जेवलो. घेण्यासारखे तिथे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट मापाची. काइबारा एकिकेन या जपानी विद्वानाने १७१३ मध्ये आरोग्यावर पुस्तक लिहिले आणि खाण्यापिण्यात संयम ठेवायला सांगितला. "हारा हाची बू", म्हणजे पोट दहातले आठ भाग भरले की थांबावे, ही तिकडची जुनी शिकवण आहे. आपल्या आयुर्वेदातही पोटाचा अर्धा भाग अन्नाला, पाव पाण्याला आणि पाव वायूला ठेवायला सांगितले आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला सुमारे वीस मिनिटे लागतात. लहान वाट्या आणि दोन काड्यांनी उचललेला घास ही वीस मिनिटे मिळवून देतात. कँटीनमध्ये सात मिनिटांत जेवण उरकून मशीनवर धावणाऱ्याला ती मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट ताटातल्या विविधतेची. मासा, टोफू, पालेभाजी, शेवाळ, थोडा भात, तळण क्वचित आणि चहा बिनसाखरेचा. मधुमेह्यांनी मात्र सुशीचे मुटके मोजावेत. दहा मुटके म्हणजे दीड-दोन वाट्या भात झाला, आणि त्यात साखरही असते.

तिसरी गोष्ट मला त्या मावळातल्या मुलाने शिकवली. आमच्या गृहस्थांची तुडुंब बशी पाहून तो हळूच म्हणाला, "सर, जपानी पाहुणे सॉस थेंबभरच घेतात. सुशी उलटी करून फक्त माशाची बाजू टेकवतात. बशीत सॉस उरला तर ते त्यांना बरे वाटत नाही." म्हणजे त्यांची रीत पाळली तरी मीठ निम्म्याहून कमी होते! सूप एकच वाटी घ्यावे, रामेनचा रस्सा वाडग्यातच ठेवावा, लोणचे चवीपुरते. कमी मिठाचा सॉसही मिळतो, पण तो बिनमिठाचा नसतो. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

कच्च्या माशाबद्दल

समुद्री माशांत बारीक जंत असू शकतात. मासा उणे वीस अंशांवर सात दिवस गोठवला की ते मरतात. म्हणून चांगल्या हॉटेलात कच्चा खायचा मासा आधी गोठवलेला असतो. तसे विचारायला संकोच करू नये. पण गोठवण्याने सगळे जंतू मरत नाहीत. गरोदर स्त्रिया, लहान मुले, यकृताचे रोगी, कर्करोगावर उपचार घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी कच्चा मासा खाऊ नये. शिजवलेला खावा.

ट्यूना, बांगडा यांसारखा मासा नीट थंड ठेवला नाही तर त्यात हिस्टामिन तयार होते. ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होणे, डोके ठणकणे, छाती धडधडणे असा त्रास झाला तर लगेच डॉक्टरकडे जावे. श्वास लागला तर थेट इस्पितळ गाठावे.

हृदयाची झडप बदललेली असून रक्त पातळ ठेवायला वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी नात्तो हा आंबवलेल्या सोयाबीनचा चिकट पदार्थ टाळावा. त्यातल्या जीवनसत्त्व 'के'मुळे गोळीचा परिणाम उतरतो.

"पण आम्ही घाम गाळतो"

कारखान्यातले रोगी मला नेहमी म्हणतात, "डॉक्टर, एवढा घाम जातो, मीठ नको का?" भट्टीजवळ किंवा फोर्जिंगमध्ये तासन्‌तास काम करणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे, त्यांनी पाणी भरपूर प्यावे आणि मिठाबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे. पण बाकीच्यांचा घाम भरून निघेल एवढे मीठ रोजच्या जेवणात असतेच. वरून लोणचे, पापड, फरसाण आणि संध्याकाळचा वडापाव लागत नाही. रक्तदाब असणाऱ्याला तर नाहीच.

आमच्या गृहस्थांनी पाहुण्यांबरोबर जाणे सोडले नाही. नोकरीचा प्रश्न होता आणि तशी गरजही नव्हती. सॉस थेंबभर, सूप एक वाटी, लोणचे बंद, आणि घरी पानातले वरचे मीठ बंद. तीन आठवड्यांनी तीच गोळी चालू असताना रक्तदाब १३६-८६ भरला आणि बूट सैल झाले. प्रत्येकाला एवढ्यावर भागेलच असे नाही. पुष्कळांना औषध वाढवावे लागते. म्हणून गोळी आपल्या मनाने कमी करू नये, बंद तर मुळीच करू नये.

शेवटी एक सांगतो. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही आणि एक दिवस झटका देतो. अचानक तोंड वाकडे झाले, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडला, बोबडी वळली, तर घरी मालिश करत बसू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन करावा लागतो. आपल्या भागातली वाहनांची गर्दी पाहता वेळ मुळीच दवडू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने मोठे इस्पितळ गाठावे.

आणि तिशी ओलांडलेल्या ज्या वाचकांनी वर्षभरात रक्तदाब मोजलेला नाही, त्यांनी या आठवड्यात तो मोजून घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे.